बारावीनंतर, पदवीनंतर, नोकरीत असताना: शिक्षक होण्याच्या मान्य वाटा

महाराष्ट्रात शाळेत शिकवण्यासाठी वकिलाला मिळते तशी एकच एक सनद मिळत नाही. शिक्षकाची पात्रता काही गोष्टी जुळून आल्यावर पूर्ण होते. बारावी, पदवी किंवा पदव्युत्तर पदवी ही शैक्षणिक अर्हता लागते. तिच्या जोडीला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीटीईने, मान्य केलेली व्यावसायिक अर्हता लागते. पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हावी लागते. नेमणूक खासगी अनुदानित शाळेत असेल तर त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता लागते. यातला एक दुवा निखळला तरी बाकीच्यांचा उपयोग होत नाही, आणि उमेदवारांची सर्वांत जास्त वर्षे वाया जातात ती इथेच. अभ्यासक्रम पूर्ण होतो, प्रमाणपत्र हातात पडते, आणि भरतीच्या वेळी कळते की ते त्या वर्गासाठी चालत नाही.

या साऱ्याचा कायदेशीर पाया म्हणजे 2009 चा शिक्षण हक्क कायदा. तो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 23 नुसार शिक्षकाची किमान पात्रता ठरवण्याचे काम एनसीटीईकडे आले आणि 23 ऑगस्ट 2010 च्या अधिसूचनेने ती पात्रता ठरली. ही अट फक्त जिल्हा परिषद किंवा महापालिकेच्या शाळांना आहे, असा समज अजून अनेक ठिकाणी आढळतो. तो चुकीचा आहे. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत तिसरीला शिकवणाऱ्या शिक्षिकेलाही तीच पात्रता लागते. संस्थाचालक तिची नेमणूक त्याशिवाय करतात, पगारही देतात, पण त्या वर्षांतून तिच्या हाती मान्य पात्रता येत नाही.

म्हणून वाट निवडण्याआधी एकच प्रश्न सोडवावा: शिकवायचे कोणत्या वर्गाला? पहिली ते पाचवी, सहावी ते आठवी, नववी-दहावी आणि अकरावी-बारावी या चार टप्प्यांची पात्रता वेगवेगळी आहे. वरच्या वर्गाची पात्रता असली की खालचा वर्ग आपोआप मिळतो, असे मुळीच नाही.

बारावीनंतरची वाट

पहिली ते पाचवीसाठी दोन वर्षांची प्राथमिक शिक्षण पदविका लागते. तिचे अधिकृत नाव डी.एल.एड. असले तरी बोलण्यात ती अजून डी.एड.च आहे. बारावीला खुल्या प्रवर्गासाठी साधारण 50 टक्के गुणांची अट आहे आणि राखीव प्रवर्गांना सवलत आहे. महाराष्ट्रात या पदविकेसाठी वेगळी प्रवेश परीक्षा नाही. पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद बारावीच्या गुणांवर ऑनलाइन प्रवेश देते.

एकेकाळी गावोगावी डी.एड. महाविद्यालये निघाली. भरती थांबली तशी त्यांतली कित्येक बंद पडली आणि आज ही पदविका अनेक घरांत दुय्यम मानली जाते. हा समज आता तपासून पाहण्याची वेळ आली आहे, कारण 2023 पासून पहिली ते पाचवीचे वर्ग बी.एड.धारकांसाठी पुन्हा बंद झाले आहेत. एनसीटीईने 28 जून 2018 रोजी अधिसूचना काढून बी.एड. झालेल्यांना या वर्गांसाठी पात्र ठरवले होते. नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम करावा, एवढीच अट होती. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 रोजी ती अधिसूचना रद्द ठरवली. लहान मुलांना शिकवण्याचे शास्त्र वेगळे आहे आणि बी.एड.मध्ये ते शिकवले जात नाही, हा त्या निकालाचा गाभा होता. त्या तारखेपूर्वी रीतसर नेमले गेलेल्यांना नंतर संरक्षण मिळाले. नव्या उमेदवारांना मिळाले नाही. बी.एड. करून टीईटीचा पहिला पेपर उत्तीर्ण झालेल्या हजारो तरुणांसाठी हा मोठा धक्का होता.

डी.एड.ची वाट पाचवीशी संपत नाही, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. पदविका हाती असताना पदवी पूर्ण केली आणि टीईटीचा दुसरा पेपर उत्तीर्ण झाला, की उमेदवार सहावी ते आठवीसाठीही पात्र ठरतो. पदवी मुक्त विद्यापीठातून केली तरी चालते. नोकरी लवकर हवी असलेल्या ग्रामीण विद्यार्थ्याला, विशेषतः ज्याचे घर अजून तीन-चार वर्षे शिक्षणाचा खर्च पेलू शकत नाही त्याला, हा क्रम बी.एड.पेक्षा अनेकदा सोयीचा पडतो.

बारावीनंतरची दुसरी वाट म्हणजे चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, आयटेप. त्यात बी.ए.-बी.एड., बी.एस्सी.-बी.एड. आणि बी.कॉम.-बी.एड. असे प्रकार आहेत. पदवी आणि बी.एड. वेगवेगळे केले तर पाच वर्षे लागतात. इथे एक वर्ष वाचते. 2023-24 पासून देशातल्या निवडक संस्थांत हा अभ्यासक्रम प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. प्रवेशासाठी राष्ट्रीय चाचणी संस्था एनसीईटी ही परीक्षा घेते. आयटेप पायाभूत, पूर्वतयारी, मध्य आणि माध्यमिक अशा टप्प्यांनुसार घडवलेला आहे, त्यामुळे प्रवेश घेतानाच टप्पा ठरतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार 2030 पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच शिक्षकाची किमान अर्हता व्हायची आहे. जुने चार वर्षांचे बी.ए.-बी.एड. आणि बी.एस्सी.-बी.एड. अभ्यासक्रमही आयटेपमध्ये रूपांतरित करण्याचे धोरण आहे. अशा महाविद्यालयात प्रवेश घेताना त्या वर्षाची मान्यता कोणत्या नावाने आहे, हे लेखी पाहून घ्यावे. चार वर्षांचे शिक्षक-शिक्षण देशात नवे नाही. अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथील प्रादेशिक शिक्षण संस्था ते कित्येक दशके देत आल्या आहेत, आणि महाराष्ट्र-गोव्यातल्या विद्यार्थ्यांसाठी भोपाळची संस्था आहे.

पदवीनंतरची वाट

सहावीपासून पुढे बी.एड. हा राजमार्ग आहे. 2014 च्या एनसीटीई विनियमांनी तो एका वर्षाचा दोन वर्षांचा झाला. पदवीला 50 टक्के, राखीव प्रवर्गाला सवलतीसह, ही मूळ अट. अभियांत्रिकी पदवीधरांना विज्ञान-गणिताचे विशेषीकरण आणि 55 टक्के गुण असतील तर प्रवेश घेता येतो. महाराष्ट्रात राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ती 100 गुणांची असते: मानसिक क्षमतेला 40, सामान्य ज्ञानाला 30 आणि अध्यापन अभियोग्यतेला 30 गुण. परीक्षा अवघड नाही. अवघड असते ते अध्यापन पद्धतीचे विषय निवडणे, आणि त्याकडे प्रवेशाच्या घाईत दुर्लक्ष होते. बी.एड.च्या पद्धती विषयाचा पदवीच्या विषयाशी मेळ असावा लागतो. रसायनशास्त्राच्या पदवीधराने सोयीसाठी इतिहासाची पद्धती घेतली, तर भरतीत तो ना धड विज्ञानाचा राहतो, ना सामाजिक शास्त्राचा.

बी.एड.मध्ये प्रत्यक्ष काय घडते हे कळले की हा अभ्यासक्रम घरी बसून का करता येत नाही, तेही कळते. सुरुवात सूक्ष्म अध्यापनाने होते. छात्राध्यापक आपल्याच सहाध्यायांना विद्यार्थी मानून सहा मिनिटांचा पाठ घेतो आणि त्यात एकाच कौशल्याचा सराव करतो: प्रश्न विचारणे, फलकलेखन, दाखले देणे, चेतक बदल यांपैकी एक. मागे बसलेले निरीक्षक तक्त्यावर खुणा करत असतात. पाठ संपल्यावर सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुनर्नियोजन, मग पुन्हा सहा मिनिटांचा पाठ आणि पुन्हा सहा मिनिटे प्रत्याभरण, असे छत्तीस मिनिटांचे एक चक्र असते. प्रश्न विचारल्यावर उत्तराची वाट न पाहता स्वतःच उत्तर देऊन टाकणे, फळ्याकडे तोंड करून बोलत राहणे, पहिल्या बाकावरच्या दोघांनाच विचारणे या सवयी अशा वेळी पहिल्यांदा शिकवणाऱ्याच्या ध्यानात येतात. पुढे पाठ टाचण काढून शाळेत सराव पाठ होतात आणि दोन वर्षांत मिळून वीस आठवड्यांचा आंतरवासिता कालावधी शाळेत घालवावा लागतो. सिद्धान्ताच्या तासांना 80 टक्के आणि आंतरवासितेला 90 टक्के उपस्थितीची अट आहे.

ही अट माहीत असेल तर ‘नॉन-अटेंडिंग बी.एड.’ या जाहिरातीचा अर्थ सांगावा लागत नाही. परराज्यातल्या एखाद्या महाविद्यालयात नाव घालायचे, परीक्षेपुरते जायचे आणि पदवी घेऊन यायचे, असा हा व्यवहार असतो. नियमित अभ्यासक्रमाला असा प्रकार अस्तित्वातच नाही. नोकरीत असताना त्याच दोन वर्षांत शेकडो मैलांवर शंभर टक्के हजेरी दाखवलेली असेल, तर कागदपत्रांच्या पडताळणीत ती विसंगती सहज उघडी पडते, आणि मग पदवीसोबत नोकरीही जाते.

ज्यांची पदव्युत्तर पदवी 55 टक्क्यांनी झाली आहे, त्यांच्यासाठी तीन वर्षांचा बी.एड.-एम.एड. एकात्मिक अभ्यासक्रम आहे. शाळेत शिकवण्यासाठी एम.एड. लागत नाही. पुढे अध्यापक विद्यालयात किंवा शिक्षणशास्त्र महाविद्यालयात जाण्याचा विचार असेल तरच हे तिसरे वर्ष सार्थकी लागते. अकरावी-बारावीला शिकवायचे असेल तर विषयाची पदव्युत्तर पदवी 50 टक्के गुणांसह आणि बी.एड., असे दोन्ही लागते. राष्ट्रीय धोरणात चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी एका वर्षाच्या बी.एड.चाही उल्लेख आहे. पण कोणत्याही महाविद्यालयाने त्या नावाने पैसे मागितले, तर त्या अभ्यासक्रमाचा, त्या वर्षाचा आणि त्या संस्थेचा एनसीटीईचा मान्यता आदेश आधी मागावा.

नोकरी सांभाळून

दूरशिक्षणातून बी.एड. होते, पण ते सर्वांसाठी नाही. याविषयी जितका गोंधळ आहे तितका क्वचितच दुसऱ्या कशाविषयी असेल. 2014 च्या विनियमांनुसार दूरशिक्षणाच्या बी.एड.ला दोनच प्रकारचे उमेदवार बसतात. पहिला, प्रशिक्षित आणि सेवेत असलेला प्राथमिक शिक्षक. दुसरा, एनसीटीई मान्य असा एखादा शिक्षक-शिक्षण अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसून पूर्ण केलेला उमेदवार. थोडक्यात, डी.एड. झालेल्याने बी.एड. करण्यासाठी ही सोय आहे. बी.एस्सी. होऊन खासगी शाळेत चार वर्षे शिकवणारी, पण कोणतेही प्रशिक्षण नसलेली तरुणी अनुभवाच्या जोरावर यात बसत नाही. हे ऐकायला कठोर वाटते, पण प्रवेश शुल्क भरण्याआधी कळलेले बरे.

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ ही या वाटेवरची दोन परिचित नावे. इग्नू प्रवेश परीक्षा घेते. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे बी.एड. सेवांतर्गत शिक्षकांसाठी आहे आणि जिल्हा परिषदेच्या कितीतरी गुरुजींनी त्याच्या आधारे माध्यमिकची पात्रता मिळवली आहे. किमान दोन वर्षे आणि कमाल पाच वर्षे एवढी मुदत असते. त्यातही कार्यशाळा आणि शाळेतले प्रात्यक्षिक चुकत नाही. विनियमांत सेवेतल्या शिक्षकांसाठी तीन वर्षांच्या अर्धवेळ बी.एड.चीही तरतूद आहे. जवळपास असे मान्यताप्राप्त महाविद्यालय आहे का, हे एनसीटीईच्या संकेतस्थळावर पाहता येते.

प्रशिक्षण नसलेल्या, पण आधीच शिकवत असलेल्या व्यक्तीसाठी पूर्वी वेगळी वाट काढली गेली होती. 2000 च्या सुमारास महाराष्ट्रात वस्तीशाळा सुरू झाल्या. वाड्यावस्त्यांवर, तांड्यांवर, पाड्यांवर स्थानिक बारावी झालेल्या तरुणांना तुटपुंज्या मानधनावर निमशिक्षक म्हणून नेमले गेले. पुढे सेवेत असतानाच त्यांचे डी.एड. करून घेतले गेले आणि दीर्घ लढ्यानंतर 2014 मध्ये ते जिल्हा परिषदेच्या नियमित सेवेत आले. डोंगरातल्या मुलांना शाळेची गोडी लावण्यात या निमशिक्षकांचा वाटा फार मोठा आहे आणि तो पुरेसा नोंदवला गेलेला नाही.

देशपातळीवरचा असाच प्रयोग 2017 मध्ये झाला. शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती करून अप्रशिक्षित सेवेतल्या शिक्षकांना 31 मार्च 2019 पर्यंत मुदत दिली गेली आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने, म्हणजे एनआयओएसने, अठरा महिन्यांचे डी.एल.एड. चालवले. देशभरातून 14 लाखांहून अधिक शिक्षकांनी त्यात नाव नोंदवले. नोव्हेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अठरा महिन्यांची पदविका दोन वर्षांच्या नियमित पदविकेच्या बरोबरीची नाही, असे म्हटले. डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की 10 ऑगस्ट 2017 रोजी सेवेत असलेल्या आणि मुदतीत अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांची पदविका ग्राह्य धरावी. ही सोय एकदाच होती आणि ती संपली. आज कोणी अठरा महिन्यांत डी.एड. देऊ करत असेल, तर त्यापासून दूर राहावे.

विशेष शिक्षण, कला, क्रीडा

दिव्यांग मुलांना शिकवण्याची वाट वेगळ्या कायद्याखाली येते. तिथे नियंत्रण 1992 च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेचे आहे. विशेष शिक्षणातली पदविका किंवा बी.एड. केल्यावर परिषदेकडे नोंदणी होते आणि नोंदणी क्रमांक मिळतो. सनदेला सर्वांत जवळ जाणारी गोष्ट शिक्षकी पेशात कुठे असेल तर ती इथे आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्वसाधारण शाळांतही विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी विशेष शिक्षक असावेत, असे सांगितले. या पदांची गरज प्रत्यक्ष नेमणुकांपेक्षा कितीतरी जास्त आहे. ज्याला हे काम मनापासून करायचे आहे, त्याने ‘बी.एड.ला नंबर लागला नाही म्हणून’ नव्हे, तर पहिली पसंती म्हणून ही वाट धरावी. विशेष शिक्षणाची अर्हता घेऊन पहिली ते आठवीच्या सर्वसाधारण वर्गावर नेमणूक झाली, तर सहा महिन्यांचा प्राथमिक शिक्षणाचा अभ्यासक्रम करण्याची अट 2010 नंतरच्या नियमांत आहे.

चित्रकला शिक्षकासाठी कला संचालनालयाच्या अखत्यारीतली आर्ट टीचर डिप्लोमा, म्हणजे ए.टी.डी., ही पदविका आणि शारीरिक शिक्षणासाठी बी.पी.एड. हे स्वतंत्र मार्ग आहेत. बी.पी.एड.च्या प्रवेश परीक्षेत मैदानी चाचणीही असते.

शहरांतल्या तरुणांना खुणावणारी आणखी एक गोष्ट म्हणजे फेलोशिप. ‘टीच फॉर इंडिया’ने 2009 मध्ये मुंबई आणि पुण्यातून सुरुवात केली; चांगले शिकलेले पदवीधर दोन वर्षे कमी उत्पन्न गटातल्या मुलांच्या शाळेत पूर्णवेळ शिकवतात. अमेरिकेत अशा कार्यक्रमातून आलेल्यांना काही राज्यांत शिकवता शिकवता परवाना मिळवता येतो. भारतात तसे नाही. फेलोशिपमधून अनुभव भरपूर मिळतो, व्यावसायिक अर्हता मिळत नाही. दोन वर्षांनंतर शिक्षकच व्हायचे असेल तर बी.एड.च्या वर्गात बसावेच लागते.

टीईटी आणि टेट

नावातल्या सारखेपणामुळे या दोन परीक्षांची गल्लत होते. टीईटी ही पात्रता परीक्षा आहे. ती उत्तीर्ण व्हायची असते. शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, जिला सगळे टेट म्हणतात, ती निवड परीक्षा आहे; तिच्यात उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असे काही नसते, गुणवत्ता यादीत वर यायचे असते. दोन्ही महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते.

टीईटीचा पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी आणि दुसरा सहावी ते आठवीसाठी असतो. प्रत्येकी 150 प्रश्न, 150 गुण, अडीच तास. पहिल्या पेपरात बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी 30 गुण आहेत. दुसऱ्यात बालमानसशास्त्र आणि दोन भाषांनंतर 60 गुणांसाठी गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे यांतला एक गट घ्यावा लागतो. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. खुल्या प्रवर्गाला 60 टक्के आणि राखीव प्रवर्गाला 55 टक्के गुण लागतात. सोपे वाटते, पण निकाल दरवेळी अगदी कमी लागतो. गणिताने उमेदवार मागे पडतो असे मानले जाते. प्रत्यक्षात बालमानसशास्त्राचे उपयोजनात्मक प्रश्न पाठांतराने सुटत नाहीत, हे मोठे कारण आहे. वर्गात एखादे मूल ‘13’ ऐवजी ‘31’ लिहिते, तेव्हा शिक्षकाने आधी काय करावे, अशा प्रश्नाचे उत्तर व्याख्या घोकून येत नाही. त्यासाठी आंतरवासितेतले आठवडे खरोखर मुलांमध्ये घालवलेले असावे लागतात.

महाराष्ट्रातली पहिली टीईटी डिसेंबर 2013 मध्ये झाली. परीक्षा दरवर्षी होतेच असे नाही. नोव्हेंबर 2021 नंतर ती एकदम नोव्हेंबर 2024 मध्ये झाली. म्हणून सीबीएसईची केंद्रीय परीक्षा, सीटीईटी, हा पर्याय जोडीला ठेवणे शहाणपणाचे ठरते. ती साधारण वर्षातून दोनदा होते, राज्यातल्या भरतीत ग्राह्य धरली जाते, तिच्यात मराठी ही भाषा म्हणून निवडता येते, आणि अभ्यासक्रमाच्या अंतिम वर्षात असतानाही ती देता येते. मुख्य प्रश्नपत्रिका मात्र हिंदी-इंग्रजीत असते. दोन्ही परीक्षांची प्रमाणपत्रे पूर्वी सात वर्षांपुरती होती. 2021 पासून ती आजीवन वैध आहेत.

या परीक्षेत दलालांच्या नादी लागल्याचे परिणाम राज्याने पाहिले आहेत. जानेवारी 2020 मध्ये झालेल्या टीईटीतले गुण पैसे देऊन वाढवल्याचे पुणे पोलिसांच्या तपासात उघड झाले आणि 2022 मध्ये साडेसात हजारांहून अधिक उमेदवार अपात्र ठरवले गेले. त्यांत नोकरीला लागून काही काळ झालेलेही होते.

नववी ते बारावीच्या पदांसाठी राज्यात आजवर टीईटी लागलेली नाही. ती सर्व टप्प्यांवर असावी, असे राष्ट्रीय धोरणात म्हटले आहे.

टेट 200 प्रश्नांची, दोन तासांची संगणकीय परीक्षा आहे. 120 गुण अभियोग्यतेला आणि 80 गुण बुद्धिमत्तेला. दोन तासांत दोनशे प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला छत्तीस सेकंद. अभ्यासक्रमापेक्षा वेग हीच इथली कसोटी आहे. घड्याळ लावून सराव केल्याशिवाय या परीक्षेला बसणे म्हणजे संधी वाया घालवणे, कारण पुढची संधी कधी येईल याची शाश्वती नसते. पहिली टेट डिसेंबर 2017 मध्ये झाली, दुसरी थेट 2023 मध्ये, तिसरी 2025 मध्ये. जिल्हा परिषद, महापालिका आणि नगरपालिकांच्या पदांसाठी वयाची मर्यादा खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 वर्षे असते. मधल्या पाच वर्षांत अनेकांचे वय निघून गेले.

पवित्र पोर्टलवर

टेटचे गुण हाती आले की उमेदवाराला शिक्षक भरतीच्या पवित्र या सरकारी पोर्टलवर स्वप्रमाणपत्र भरावे लागते. शैक्षणिक गुण, व्यावसायिक अर्हता, टीईटी, प्रवर्ग, माध्यम, समांतर आरक्षण अशी सगळी माहिती त्यात जाते. निवड याच माहितीवर होते आणि पडताळणीत ती खोटी किंवा चुकीची ठरली तर निवड रद्द होते. सर्वांत जास्त अडचण येते ती नावाची. दहावी-बारावीची प्रमाणपत्रे माहेरच्या नावाने, पदवी आणि बी.एड. सासरच्या नावाने, टीईटीच्या अर्जात तिसरेच लेखन, अशा स्थितीत राजपत्रातली नाव बदलाची नोंद आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र आधीच तयार असावे. जातीचा दाखला असतो, पण जात वैधता प्रमाणपत्राचा प्रस्ताव समितीकडे पडून असतो. नॉन-क्रिमीलेअरची मुदत गेलेली असते. ही कागदपत्रे निकालानंतर नव्हे, अभ्यासक्रम सुरू असतानाच काढायला घ्यावीत.

नंतर जाहिराती येतात आणि उमेदवार प्राधान्यक्रम देतो. जिल्हा परिषद, महापालिका, नगरपालिका आणि काही खासगी संस्थांची पदे मुलाखतीशिवाय भरली जातात. मुलाखतीसह पदभरतीचा पर्याय घेतलेल्या खासगी अनुदानित संस्थांकडे पोर्टल गुणवत्तेनुसार उमेदवार पाठवते आणि संस्था मुलाखत व अध्यापन कौशल्य पाहून निवड करते. प्राधान्यक्रम लावताना घराजवळचा जिल्हा वर ठेवण्याचा मोह स्वाभाविक आहे, पण बिंदुनामावलीत आपल्या प्रवर्गाच्या आणि विषयाच्या जागा कुठे आहेत, हे आधी पाहावे. जागाच नसलेला जिल्हा वर लिहून काहीही साधत नाही.

पवित्र येण्यापूर्वी अनुदानित संस्थेतली जागा लाखो रुपयांना विकली जात असे, हे महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. तो व्यवहार पुरता संपलेला नाही. ‘विनाअनुदानित तुकडीवर आत्ता लागा, टप्पा अनुदान आले की कायम होईल’ असे सांगून आजही शेती विकायला लावली जाते. अशी ऑफर आली तर तीन कागद मागावेत: ती जागा दाखवणारी संचमान्यता, पदभरतीची परवानगी आणि रोस्टर, म्हणजे बिंदुनामावली. हे तीन नसतील तर शिक्षणाधिकारी वैयक्तिक मान्यता देणार नाहीत. कनिष्ठ महाविद्यालयाच्या बाबतीत ती मान्यता शिक्षण उपसंचालकांकडून येते. मान्यतेनंतर शालार्थ प्रणालीत आयडी मिळतो आणि त्यावरच पगार निघतो. 2025 मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडींचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा त्याची झळ नेमलेल्या शिक्षकांपर्यंत पोहोचली. खासगी शाळांतल्या सेवेला 1977 चा सेवाशर्तींचा कायदा आणि 1981 ची नियमावली लागू आहे. नेमणूकपत्र त्या नियमावलीप्रमाणे लेखी आणि तारखेसह असावे.

सेवेत असलेल्यांसाठी 1 सप्टेंबर 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, टीईटी नसलेल्या जुन्या शिक्षकांनाही ती द्यावी लागेल. ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे त्यांना उत्तीर्ण होण्यासाठी दोन वर्षे मिळाली. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना निवृत्तीपर्यंत राहता येईल, पण टीईटीशिवाय पदोन्नती मिळणार नाही. अल्पसंख्याक संस्थांना शिक्षण हक्क कायदा कितपत लागू होतो, हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला गेला आहे. पंचवीस वर्षे शिकवलेल्या गुरुजींना पुन्हा परीक्षेला बसणे जड जाते, आणि त्यांची व्यथा खरी आहे. तरी अर्ज न भरता वाट पाहण्यात धोका आहे. पेपर कोणता द्यायचा, हे ते सध्या कोणत्या वर्गाला शिकवतात त्यावर ठरते. पदवीधर पदावर जायचे असेल तर दुसरा पेपर द्यावा.

नव्याने निवडलेला उमेदवार पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक असतो. 1 जानेवारी 2023 पासून त्याचे मानधन प्राथमिकला दरमहा 16,000, माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000 रुपये आहे. त्याआधी ते अनुक्रमे 6,000, 8,000 आणि 9,000 होते. घरापासून दूर, भाड्याच्या खोलीत राहून हे मानधन पुरवावे लागते, याचा हिशेब कुटुंबाने आधीच करावा. तीन वर्षांची सेवा समाधानकारक ठरली की नियमित वेतनश्रेणीचा आदेश निघतो. तो आदेश सेवापुस्तकात नोंदला गेला आहे, हे शिक्षकाने स्वतः पाहून घ्यावे.